पिकार्डीची बीटगाडी आणि आपली बार्शी लाईट

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आम्हा डॉक्टरमंडळींची लेखणी बहुधा दोनच रुळांवरून धावते. एक रूळ आपल्या शास्त्रातील नवनव्या प्रगतीचा आणि दुसरा आपल्या व्यवसायातील नीतिमूल्यांच्या ऱ्हासाचा. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत आणि दोन्हींवर मी यापूर्वी यथाशक्ती लिहिलेही आहे. यंदा मात्र संपादक मंडळाची परवानगी गृहीत धरून मी खऱ्याखुऱ्या रुळांविषयी लिहिणार आहे. त्यांच्यामधील अंतर आहे फक्त नऊ मिलिमीटर.

नारायणगुड्यात माझ्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर आमचे एक वयोवृद्ध स्नेही राहतात. पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. रेल्वेशी त्यांचा संबंध तिकीट काढण्यापुरता. गेली काही वर्षे ते आपल्या माडीवरच्या खोलीत एका फळीवर फ्रान्समधील एक खेडे वसवीत आहेत. फळी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद. प्रमाण सत्त्याऐंशीस एक. म्हणजे प्रत्यक्षातील जेमतेम शंभर मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद जागा त्यांनी आपल्याकडे घेतली आहे. काळ १९२० च्या दशकातला, प्रदेश उत्तर फ्रान्समधील पिकार्डी. एक कॅफे, स्लेटच्या पाट्यांच्या छपराचे छोटे चर्च, ग्रामकचेरी, चौकात युद्धात पडलेल्या गावकऱ्यांचा स्मृतिस्तंभ, मागे साखर कारखान्याची विटांची भिंत आणि या सर्वांमधून वाट काढीत जाणारी एक अरुंदमापी रेल्वे. इंजिन एक, वाघिणी चार. त्या वाघिणींत साखरबीटचा ढीग आहे. जवळ वाकून पाहिल्यास तो राजगिरा असल्याचे कळते. त्या प्रमाणात साखरबीटचा कंद एक-सव्वा मिलिमीटरचा व्हावा लागतो, आणि ते माप स्वयंपाकघरातल्या डब्यात आयतेच सापडले, असे त्यांच्या सौभाग्यवती सांगतात.

त्या घरांच्या खिडक्यांना काचा आहेत, आणि त्यात माझाही अल्पसा वाटा आहे. जुन्या एक्स-रे फिल्मवरचा थर धुवून काढला की किंचित निळसर, पारदर्शक पत्रा उरतो. हल्ली सारेच डिजिटल झाल्यामुळे अशा फिल्म दुर्मिळ झाल्या आहेत. माझ्या अडगळीत पडलेल्या पंचवीस-तीस मी त्यांना दिल्या. कुणा अज्ञात बालकाच्या फुप्फुसाचे चित्र जिच्यावर एके काळी उमटले होते, ती फिल्म आज एका फ्रेंच कॅफेची खिडकी झाली आहे!

हे सर्व पाहून कुणी म्हणेल की म्हातारपणी खेळणी मांडली. तसे म्हणणाऱ्यांनी एकदा ती गाडी चालताना पाहावी. बाजारातील खेळण्यांच्या गाड्या गोल गोल सुसाट पळतात, वळणावर उलटतात आणि पाच मिनिटांत मूल त्यांना कंटाळते. आमच्या स्नेह्यांची गाडी तासाला पंधरा किलोमीटर या वेगाच्या प्रमाणात चालते. हिशेब केल्यास सेकंदाला पाच सेंटिमीटरसुद्धा होत नाहीत. फळीची एक बाजू ओलांडायला तिला जवळजवळ अर्धे मिनिट लागते. मध्ये फाटकाजवळ ती थांबते. का थांबते, असे मी विचारले, तर म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, गाय रुळावर आहे ना!’’ पाहतो तो खरोखरच दोन मिलिमीटर रुंद तोंडाची एक गाय तेथे होती.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. अशा बहुतेक मांडण्यांत एक बोगदा असतो, कारण गाडी दिसेनाशी करण्याचा तो सोपा उपाय आहे. येथे बोगदा नाही. पिकार्डीचा तो भाग सपाट शेतीचा, तेथे डोंगर आणायचा कोठून? म्हणून गाडी कारखान्याच्या भिंतीआड आणि उंच पॉप्लर वृक्षांच्या रांगेमागे जाते. सोय असूनही जे तेथे नव्हते ते न मांडण्याचा हा संयम मला एखाद्या कुशल शल्यविशारदाच्या हातासारखा वाटतो. कोठे थांबावे हे ज्याला कळते, त्याच्या कामाकडे पाहतानाच मन निवते.

आता या बीटगाडीचा इतिहास सांगितल्यावाचून तिची थोरवी कळणार नाही. पॅरिसच्या दक्षिणेस पेती-बूर येथे देकोविल घराण्याची मोठी शेती होती. १८७५ च्या हंगामात साखरबीटचे पीक उदंड आले, पण पावसाने शेतांचा चिखल झाला आणि बैलगाड्या रुतू लागल्या. पॉल देकोविल याने तेव्हा लोखंडी पट्ट्यांवर पक्के जोडलेले हलके रूळ शेतातच अंथरले. दोन माणसांनी उचलावेत, पुढच्या वावरात नेऊन टाकावेत, असे. पुढे याच कल्पनेतून त्याचा कारखाना उभा राहिला आणि ६०० मिलिमीटर हे रुळांमधील माप जगभर रूढ झाले. १८८९ साली, ज्या प्रदर्शनासाठी आयफेल मनोरा उभारला गेला त्याच पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात, देकोविलच्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या छोट्या रेल्वेने सहा महिन्यांत साठ लाखांहून अधिक प्रवासी वाहिले.

त्याच्या आदल्याच वर्षी फ्रेंच सैन्यानेही हे माप स्वीकारले होते. पहिल्या महायुद्धात सॉम नदीच्या परिसरातील खंदकांपर्यंत हेच शेतातले रूळ पोहोचले. जाताना तोफगोळे, येताना जखमी. आपल्या व्यवसायबंधूंनी त्या काळी किती जखमी सैनिक अशा उघड्या वाघिणींतून उतरवून घेतले असतील, याची कल्पनाही करवत नाही. युद्ध संपले, गावे बेचिराख झाली होती. तेव्हा सैन्याने मागे टाकलेले तेच रूळ आणि त्याच वाघिणी विटा, चुना, लाकूड वाहून गावे पुन्हा उभी करण्याच्या कामी आल्या. ते काम सरल्यावर त्या पुन्हा साखरबीट वाहू लागल्या. बिटाच्या शेतात जन्मलेला रूळ रणांगणावरून फिरून पुन्हा बिटाच्या शेतात आला. आमच्या स्नेह्यांच्या फळीवर चौकातला स्मृतिस्तंभ आणि राजगिऱ्याचा ढीग एकमेकांपासून वीतभर अंतरावर आहेत. त्यांनी कोठेही पाटी लावलेली नाही. पण ज्याला ठाऊक आहे त्याला त्या वीतभर अंतरात सारा इतिहास दिसतो.

त्या मार्गांपैकी फ्रॉय्सी ते दोंपिएर हा एक तुकडा १९७१ पासून तेथील हौशी मंडळींनी स्वतः जपला आहे. त्यावर आजही जुनी इंजिने चालतात. जुएफ या फ्रेंच कंपनीने तर १९६० च्या दशकातच अशा अरुंदमापी गाड्यांचे छोटे नमुने मुलांसाठी बाजारात आणले. आमच्या स्नेह्यांचे इंजिन त्यांपैकीच. परदेशातील त्यांच्या कन्येने ते जुन्या वस्तूंच्या बाजारातून शोधून आणले. स्वतः त्यांनी फ्रान्स पाहिलेले नाही. सारे खेडे छायाचित्रांवरून आणि पुस्तकांवरून उभे केले आहे.

महाराष्ट्रात या छंदाचे नाव निघाले की पुण्यातील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाचे स्मरण होणे अपरिहार्यच आहे. कै. बी. एस. जोशी यांनी वर्षानुवर्षे खपून उभारलेले ते छोटे शहर १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडला सर्वांसाठी खुले झाले. सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब आणि एकाच वेळी धावणाऱ्या अनेक गाड्या पाहून मुले आणि त्यांचे आजोबा सारखेच थक्क होतात. पुण्याला जाणाऱ्या माझ्या प्रत्येक बालरुग्णाच्या पालकांना मी ते पाहण्याची शिफारस करीत असतो. तरीही मनातले सांगायचे तर मला ओढ लागते ती या चार फुटी फळीची. भव्य मांडणी पाहताना नजर सतत पुढच्या गाडीकडे धावते. येथे पाहण्यासारखी गाडी एकच, म्हणून ती पूर्ण पाहिली जाते.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना यात आणखी एक गंमत दिसते. वस्तू नजरेआड झाली तरी ती असतेच, हे ज्ञान मूल जन्मतः घेऊन येत नाही. साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास ते झाकलेली वस्तू शोधू लागते, हे पियाजे यांनी सांगितले. ‘बुवा-कुक’ हा आपल्या आजीबाईंचा खेळ म्हणजे त्याचीच उजळणी. १९७० च्या सुमारास टी. जी. आर. बॉवर या मानसशास्त्रज्ञाने तर तान्ह्या मुलांपुढे खेळण्यातली गाडीच चालवून, ती आड गेल्यावर त्यांची नजर कोठे जाते याचा अभ्यास केला होता. मी त्या माडीवर निरनिराळ्या वयाची मुले पाहिली आहेत. वर्षाच्या आतले मूल गाडी जेथे दिसेनाशी झाली तेथेच टक लावून बसते. दीड वर्षाचे लगेच दुसऱ्या टोकाला पाहू लागते. चार वर्षांचे विचारते, ‘‘आत काय करते ती?’’ आणि दहा वर्षांचा मुलगा भिंतीमागे डोके घालून तारा कशा जोडल्या आहेत ते बघतो. हा वाढीचा आलेख मला कुठल्याही तक्त्याइतकाच विश्वसनीय वाटतो!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला एका तासापेक्षा अधिक नको. आम्ही पालकांना हे सांगतो, पालक मान डोलावतात, आणि मूल गप्प बसावे म्हणून तपासणीच्या खोलीतच मोबाईल त्याच्या हाती देतात. त्याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु मोबाईल काढून घेतल्यावर त्या जागी काय द्यायचे, हे आम्ही सांगत नाही. संथपणे चालणारी, मध्येच थांबणारी, आपल्या इच्छेने वेग न वाढवणारी एखादी गोष्ट मुलाने पाहावी, तीही आजोबांच्या मांडीवर बसून, हे माझे त्यावरचे उत्तर आहे. (वैद्यकीय कर्तव्य म्हणून एवढे सांगतो की तीन वर्षांखालील मुलांच्या हाती असले सुटे भाग देऊ नयेत, आणि बटणाएवढ्या सेलपासून तर सर्वच मुलांना दूर ठेवावे. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजणी होऊ शकते.)

एवढे कौतुक केल्यावर मनात जे खटकते तेही लिहिले पाहिजे. एके दिवशी मी आमच्या स्नेह्यांना विचारले, ‘‘काका, आपण मूळचे बार्शीकडचे. मग हे खेडे पिकार्डीचे का?’’ ते थोडे थांबून म्हणाले, ‘‘पिकार्डीचे इंजिन विकत मिळते. घरांचे नकाशे मिळतात. वाघिणीची मापे छापील मिळतात. बार्शीचे काय मिळते?’’

या प्रश्नाने मला अस्वस्थ केले आहे आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे.

बार्शी लाईट रेल्वे ही काही सामान्य रेल्वे नव्हती. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट, मापाचा हा मार्ग आखला. रूळ वारास अवघे तीस पौंड वजनाचे. म्हणून त्याने इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही, अशी एकसारखी योजना केली. आठ जोडचाकांची इंजिने त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्यात घडवली गेली. भार वाटून दिला तर हलक्या रुळांवरही मोठे ओझे नेता येते, हे त्याने सिद्ध करून दाखविले आणि जगभरातील हलक्या रेल्वेच्या अभियंत्यांनी बार्शीचा दाखला घेतला. (हाच गृहस्थ पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करण्याच्या मागे लागला.) १८९७ साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. १९५४ च्या आरंभी सरकारने ती ताब्यात घेतली.

वैद्यकमित्रहो, यातील लातूरचे वर्ष आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. हैदराबादेतील आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे मनमाडकडून येणाऱ्या मीटरगेजने काचीगुड्याला उतरली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या स्थानकाची १९१६ ची देखणी इमारत आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे. परंतु लातूर, बार्शी, येडशी या पट्ट्यातल्या कुटुंबांची कहाणी त्या अडीच फुटी रुळावरून सुरू होते. कापूस तिने वाहिला, आषाढी-कार्तिकीचे वारकरी तिने वाहिले. माझे आजोळ त्या बाजूचे. लहानपणी त्या लाकडी बाकावर बसून जाताना शेजारच्या रस्त्यावरून एस.टी. पुढे निघून गेली की आम्ही मुले हिरमुसत असू, आणि आजी म्हणत असे की पोचायचे तर विठोबाकडेच आहे, तो काही उठून जात नाही.

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा सारा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज होत गेला. लातूर ते कुर्डुवाडी हा भाग २००७ आणि २००८ साली. जुनी लाईन तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिव शहराला, टाळून येडशीवरून जात असे. नवी लाईन शहरात आली. हे झाले ते योग्यच झाले. आजारी माणसाला लातूरहून मुंबईला एका रात्रीत नेणारी गाडी हवी की विठोबाच्या भरवशावर चालणारी, असे मला विचारले तर डॉक्टर म्हणून माझे उत्तर ठरलेले आहे. माझी तक्रार एवढीच की आपण मोडले, पण मोजून ठेवले नाही. फ्रेंचांनीही आपल्या खेडोपाडीच्या छोट्या रेल्वे बहुतेक सगळ्या मोडीत काढल्या. पण त्यांतली साध्यातली साधी वाघीण, गावाबाहेरची टपरीवजा स्टेशने, पाण्याचे नळकांडे, यांची मापे कुणीतरी घेऊन ठेवली. म्हणूनच आज नारायणगुड्यातला एक मराठी माणूस न पाहिलेले पिकार्डी बिनचूक उभे करू शकतो आणि स्वतःच्या गावचे स्टेशन मात्र त्याला करता येत नाही.

काही मंडळी म्हणतील, माथेरानची गाडी आहे की. आहे, आणि राहो. आदमजी पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली सुरू केलेला तो दोन फुटी मार्ग देकोविलच्या मापाला फारच जवळचा आहे. पण माथेरान प्रवाशांच्या कौतुकावर जगले. बार्शीची गाडी कामकऱ्यांची होती. तिचे छायाचित्र काढावे असे तिच्यातून रोज जाणाऱ्या कुणाला वाटले असेल?

आता या मापांतली एक नवलाची गोष्ट. सत्त्याऐंशीस एक या प्रमाणात फ्रेंचांच्या ६०० मिलिमीटरचे ६.९ मिलिमीटर होतात. तसे रूळ सहज मिळत नाहीत, म्हणून आमच्या स्नेह्यांनी बाजारात सर्वत्र मिळणारे नऊ मिलिमीटरचे रूळ वापरले. म्हणजे त्यांच्या पिकार्डीत रुळांमधील अंतर प्रत्यक्षात ७८३ मिलिमीटर झाले आहे. चांगले हातभर नसले तरी वीतभर चुकले आहे आणि त्यांना ते बोचते. याउलट बार्शीच्या ७६२ ला सत्त्याऐंशीने भागा. उत्तर येते ८.७६. नऊ मिलिमीटरच्या बाजारी रुळावर बार्शीची गाडी जवळजवळ तंतोतंत बसते! हा भागाकार मी त्यांच्यापुढे कागदावर करून दाखविला तेव्हा ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

म्हणून आपल्या मंडळापुढे माझा नम्र प्रस्ताव असा आहे. सभागृहाच्या मागील भिंतीशी सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद एक टेबल द्यावे. त्यावर बार्शी लाईटचे एकच छोटे स्टेशन उभे करावे; सारी लाईन नको, पंढरपूरचे देऊळ नको, दहा गाड्या नकोत. हाताने करण्याचे काम आमचे स्नेही आणि सुट्टीतली चार मुले करतील. आपण करायचे ते वेगळे आहे. आपल्यापैकी ज्यांची वडीलमंडळी त्या गाडीने फिरली, त्यांनी या दिवाळीत त्यांच्याजवळ बसून नीट विचारावे. फलाट जमिनीपासून किती उंच होता, की नव्हताच? पाण्याची टाकी स्टेशनच्या कोणत्या अंगाला होती? डब्याला बाहेरून कोणता रंग होता? कडुनिंब होता की चिंच? लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये नवरदेवामागे एखादा डबा, एखादी पाटी दिसते का तेही पाहावे. आम्ही रोग्याची पूर्वपीठिका विचारतो तशीच ही विचारायची. ज्यांना वाफेच्या इंजिनाचा काळ आठवतो ती मंडळी आता वयाने पुढे गेली आहेत. त्यांतील काहींची स्मृती कशी झपाट्याने ओसरत आहे, हे आपल्यातील मज्जाविकारतज्ज्ञ माझ्यापेक्षा अधिक जाणतात.

खर्चाची चिंता कोषाध्यक्षांनी करू नये; पहिल्या वर्षाच्या रुळांचा आणि इंजिनाच्या यंत्राचा भार मी उचलतो. मालाचीही सोय झाली आहे. वाघिणीत कापसाच्या गाठी ठेवायच्या आहेत, आणि सर्जिकल कॉटन तर आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात आहे. गाठींना बाहेरून गुंडाळायला मी गॉजचा तुकडा नेऊन दाखविला, पण तो आमच्या स्नेह्यांनी नापसंत केला. सत्त्याऐंशीस एक या प्रमाणात त्याची वीण मासे पकडायच्या जाळ्यासारखी दिसेल, असे त्यांचे म्हणणे. कुणाच्या घरी आजीच्या जुन्या मलमलीचा तुकडा असल्यास माझ्याकडे जरूर पोहोचता करावा.